नोकरीत खंड पडलाय आणि कॅनडाच्या पीआरचा अर्ज करायचाय: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी

आपल्या भागातून पीआरसाठी, म्हणजे कॅनडातल्या कायम वास्तव्यासाठी, अर्ज करणाऱ्यांपैकी सलग दहा वर्षं नोकरी केलेले थोडेच. कुणी पुण्यात चार वर्षं काढून कोरोनात खानापूरला परतलेला असतो. कुणी धारवाडला खोली घेऊन दोन वर्षं केपीएससीचा अभ्यास केलेला असतो. उद्यमबागेतला कारखाना बंद पडला म्हणून आठ महिने घरी बसलेले असतात, निपाणीला सासरी आल्यावर मूल शाळेत जाईपर्यंत नोकरी सोडलेल्या मुली असतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: गॅप आहे, अर्ज नाकारतील का?

पीआरचे अर्ज एक्स्प्रेस एन्ट्री या ऑनलाइन पद्धतीने जातात: प्रोफाइल भरून गुणांनुसार यादीत थांबायचं आणि सोडतीत निमंत्रण आलं की अर्ज करायचा. तिच्यात खंडासाठी गुण कापणारा रकानाच नाही. वर्षभर घरी होतो म्हणून अर्ज नाकारला, असं होत नाही. अर्ज अडकतो तो दोन गोष्टींमुळे. एक तर खंडामुळे अनुभवाचं गणित पात्रतेत बसत नाही, नाहीतर खंड लपवण्यासाठी तारखा ओढूनताणून जुळवलेल्या असतात. पहिल्याचा अंदाज घरबसल्या घेता येतो आणि दुसरं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

इथे जे लिहिलंय ते फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेबद्दल, कारण भारतात राहून अर्ज करणारे बहुतेक तिच्यातूनच जातात. आकडे आणि अटी अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरण्याच्या दिवशी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

पायरी १: एकशेवीस ओळींची वही

फॉर्म उघडण्याआधी वही उघडा. गेली दहा वर्षं म्हणजे १२० महिने. दर महिन्याला एक ओळ आणि चार रकाने: काय करत होतो, कुठे राहत होतो, पैसे कुठून येत होते, पुरावा काय. दहा वर्षांपूर्वी तुम्ही अठराचे नसाल तर अठरा पूर्ण झाल्यापासून सुरुवात करा.

नुसत्या आठवणीवर विसंबू नका. पीएफचं पासबुक, फॉर्म १६, बँकेचा उतारा, पासपोर्टवरचे शिक्के आणि कॉलेजची मार्कशीट समोर ठेवून ओळी भरा. बँकेच्या उताऱ्यात पगार जमा झालेला शेवटचा महिना बहुतेकांच्या आठवणीतल्या महिन्यापेक्षा वेगळा निघतो. या कामाला दोन रविवार जातात, पण पुढचा सगळा अर्ज याच वहीवर उभा राहतो.

पायरी २: अनुभव पात्रतेत बसतो का

अट अशी: अर्जाआधीच्या १० वर्षांत, एकाच मुख्य व्यवसायात, सलग किमान १ वर्ष पूर्णवेळ पगारी काम. पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला ३० तास, वर्षाला १,५६० तास. अर्धवेळ काम असेल तर आठवड्याला १५ तासांप्रमाणे २४ महिने चालतात. आठवड्याला साठ तास राबून सहा महिन्यांत वर्ष भरून काढता येत नाही. ३० च्या वरचे तास मोजत नाहीत. फौंड्रीत ओव्हरटाइम करणाऱ्यांचा इथेच गैरसमज होतो.

खंडाचा खरा फटका ‘सलग’ या शब्दात आहे. आठ महिने एका ठिकाणी, मध्ये तीन महिने घरी, पुन्हा चार महिने दुसरीकडे, असे मिळून बारा महिने झाले तरी ही अट पूर्ण होत नाही. दहा वर्षांत कुठेतरी एक अखंड वर्ष हवंच. ते एकदा सापडलं की त्याच्या आगेमागे कितीही खंड असले तरी पात्रता शाबूत राहते. प्रसूती रजेचे किंवा बिनपगारी लांब रजेचे महिने या वर्षात धरू नका. ते वगळून वर्ष भरतंय का ते पाहा.

दुसरा फटका दहा वर्षांच्या मर्यादेचा. समजा, निपाणीची एक अर्जदार जानेवारी २०२६ मध्ये अर्ज करतेय. ऑगस्ट २०१५ ते मे २०१९ तिने पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली. जून २०१९ ते मार्च २०२३ ती घरी होती. एप्रिल २०२३ पासून ती बेळगावात काम करते. पुण्यातली ३ वर्षं १० महिने तिला वाटतात तेवढी धरली जात नाहीत. जानेवारी २०१६ च्या आधीचे पाच महिने बाद, उरले ३ वर्षं ५ महिने. त्यात बेळगावचे २ वर्षं ९ महिने मिळवले की ६ वर्षं २ महिने होतात. निवडीच्या १०० गुणांच्या तक्त्यात, जिथे पात्र ठरायला ६७ लागतात, अनुभवाला १ वर्षासाठी ९, २ ते ३ वर्षांसाठी ११, ४ ते ५ साठी १३ आणि ६ किंवा जास्त वर्षांसाठी १५ गुण आहेत. म्हणजे चार वर्षं घरी राहूनही हिला पूर्ण १५ मिळतात. पण सध्या नोकरी नसेल आणि अर्ज लांबत गेला, तर दर महिन्याला जुन्या अनुभवाचा एक महिना मागच्या दाराने निघून जातो आणि पुढून काही येत नाही. अशांनी घाई करावी, हे आम्ही आवर्जून सांगतो.

वयाचाही विचार करा. सीआरएस गुणांत, म्हणजे पात्र ठरल्यावर यादीतला क्रम ठरवणाऱ्या वेगळ्या गुणांत, एकट्या अर्जदाराला २० ते २९ वयात ११० गुण मिळतात, ३५ व्या वर्षी ७७ आणि ४० व्या वर्षी ५०. पंचेचाळिशीला शून्य. पस्तिशीनंतरचं प्रत्येक रिकामं वर्ष पाच-सहा गुण नेतं, चाळिशीनंतर अकरा. त्याची भरपाई नोकरीपेक्षा भाषेच्या परीक्षेत लवकर होते. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगमध्ये चारही भागांत ६ म्हणजे किमान पात्रता. ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलण्यात प्रत्येकी ७ मिळाले तर गुणांत मोठी उडी बसते. घरी बसलेल्या काळाचा याहून चांगला उपयोग नाही. निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून बाकीची कागदपत्रं दृष्टिपथात आल्यावरच परीक्षा द्या.

पायरी ३: कामाचा कोड

कॅनडात प्रत्येक कामाला एनओसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी व्यवसाय-यादीचा, पाच अंकी कोड असतो आणि टीअर नावाची ० ते ५ अशी पातळी. ०, १, २ आणि ३ या पातळ्यांचाच अनुभव धरला जातो. पदाच्या नावाला फार किंमत नाही, रोजचं काम काय होतं ते बघतात.

उद्यमबाग आणि मच्छेतल्या कामगारांसाठी हा मुद्दा निर्णायक आहे. मोल्डिंग करणारा फौंड्री कामगार ९४१०१ मध्ये येतो, टीअर ४, म्हणजे या योजनेत चालत नाही. ड्रॉइंग वाचून मशीन सेट करणारा, टॉलरन्स राखणारा, माप तपासणारा मशीनिस्ट ७२१०० मध्ये येतो, टीअर २, तो चालतो. दुसऱ्याने सेट करून दिलेल्या सीएनसीवर फक्त जॉब लावून काढणारा मात्र ९४१०६ मध्ये जातो, पुन्हा टीअर ४. दोघांच्याही पत्रावर ‘सीएनसी ऑपरेटर’ एवढंच असतं. सेटिंग तुम्ही खरोखर करत असाल तर ते पत्रात सविस्तर यायला हवं. करत नसाल तर कुणाच्या सांगण्यावरून लिहून घेऊ नका. नोंदणीकृत नर्स ३१३०१, माध्यमिक शिक्षक ४१२२०, सॉफ्टवेअर इंजिनिअर २१२३१. हे तिन्ही टीअर १ मध्ये आहेत.

पायरी ४: अनुभवाचं पत्र

आपल्याकडच्या लहान कारखान्यांतून मिळणारं पत्र चार ओळींचं असतं: अमुक इथे कामाला होता, वागणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. हे पत्र उपयोगाचं नाही. लेटरहेडवर पुढच्या गोष्टी हव्यात: तुमचं पासपोर्टवरचं नाव, कंपनीचा पत्ता, फोन आणि ईमेल, सगळी पदं आणि प्रत्येक पदाच्या सुरुवात व शेवटच्या तारखा, मुख्य कामं, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा. तास हमखास राहून जातात. सहा दिवस, रोज आठ तास असतील तर ‘आठवड्याला ४८ तास’ असं स्पष्ट लिहून घ्या.

मालकाला इंग्रजी पत्र लिहायचा कंटाळा असतो, हे समजण्यासारखं आहे. मसुदा तुम्ही करून न्या, पण एनओसीच्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका. तपासणाऱ्याला ती पाठ असतात.

पत्राला पुराव्याचा आधार हवा. वीसपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यात पीएफ बहुधा नसतो आणि पगारही रोख असतो. अशा वेळी ईएसआयची नोंद, हजेरी किंवा पगारपत्रकाची प्रत, बँकेत भरलेली रक्कम, आयकर विवरण, जे असेल ते जोडा. पीएफ असेल तर पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी आधी बघा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते आणि तुम्ही तिथे अजून कामाला आहात असं दिसतं. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख सदस्य स्वतः ऑनलाइन भरू शकतो. ती पत्रातल्या तारखेशी जुळलीच पाहिजे.

कारखाना बंद झालाय, मालक वारलेत, किंवा भांडून नोकरी सोडल्यामुळे पत्र मिळत नाही, असंही होतं. तेव्हा त्या काळातल्या वरिष्ठाचं कामाच्या तपशिलासह नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, नेमणूक पत्र, पगाराच्या स्लिपा आणि पत्र मिळवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा पुरावा, म्हणजे पाठवलेले ईमेल, रजिस्टर पोस्टाची पावती, असं सगळं एका खुलाशासोबत द्या.

खंडाच्या काळात स्वतःचं काही केलं असेल, शिकवण्या, अकाउंट्स, डिझाइनची कामं, तर ते स्वयंरोजगारात दाखवता येतं. मात्र मी हे काम करत होतो, असं स्वतः लिहून दिलेलं चालत नाही. व्यवसायाची नोंदणी, उत्पन्नाचा पुरावा आणि ग्राहकांनी दिलेली, पैशांच्या उल्लेखासह पत्रं लागतात. ती नसतील तर तो काळ अनुभवात मोजू नका, फक्त इतिहासात लिहा.

पायरी ५: इतिहासाचा तक्ता

पर्सनल हिस्टरीच्या भागात दहा वर्षांचा एकही महिना रिकामा चालत नाही. अर्ज परत येण्याचं हे एक साधं कारण आहे. मे २०१९ ला नोकरी संपली आणि पुढची नोंद जुलै २०१९ ला सुरू झाली, की जून गायब. पदवीचा निकाल आणि पहिली नोकरी यांमधले दोन-तीन महिने असेच गळतात.

खंड साध्या शब्दांत लिहा: बेरोजगार, नोकरीच्या शोधात. घरी, मुलाचं संगोपन. आजारी वडिलांची देखभाल. स्पर्धा परीक्षेची तयारी. घरच्या शेतीत बिनपगारी मदत. यातलं काहीही कमीपणाचं नाही, आणि शेतीतल्या मदतीला ‘फार्म मॅनेजर’ करण्याचीही गरज नाही.

पत्त्यांचा दहा वर्षांचा इतिहास वेगळा भरायचा असतो आणि दोन्ही तक्ते एकमेकांशी ताडून पाहिले जातात. पुण्यातला पीजी, धारवाडची खोली, हॉस्टेल, गावचं घर, सगळं क्रमाने द्या. कोरोनात नोकरी पुण्याची पण मुक्काम खानापूर तालुक्यातल्या गावी, असं हजारोंचं झालं. तसंच लिहा आणि खुलाशात ‘घरून काम’ एवढी ओळ टाका. चंदगड तालुक्यात राहून रोज बेळगावला कामाला येणाऱ्यांचा पत्ता महाराष्ट्राचा आणि नोकरी कर्नाटकातली. त्यालाही एक ओळ पुरते.

लष्करातून निवृत्त झालेल्यांची संख्या या भागात मोठी आहे. सेवेचा तपशील स्वतंत्र भागात तारखांसह द्यायचा असतो, डिस्चार्ज बुक समोर ठेवूनच भरा. निवृत्ती आणि दुसरी नोकरी यांमधला काळ हा खंडच. पेन्शन चालू होती म्हणून तो सुटत नाही.

अठराव्या वर्षापासूनच्या संघटनांच्या सदस्यत्वाबद्दलही विचारतात: राजकीय, सामाजिक, युवक, विद्यार्थी, कामगार संघटना. गावातलं युवक मंडळ आणि एकीकरण समितीचं सदस्यत्वही त्यात येतं. ग्रामपंचायतीचं सदस्यपद सरकारी पदांच्या रकान्यात लिहावं. सीमाप्रश्नाच्या मोर्चात किंवा १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत नाव आलेलं असेल, गुन्हा नोंद असेल, तर तो लपवू नका. सध्या खटला चालू आहे का, हेही फॉर्म विचारतो. एफआयआरची प्रत, आरोपपत्र, निकाल किंवा सद्यस्थिती, सगळं इंग्रजी भाषांतरासह जोडा. शांततेच्या आंदोलनातला गुन्हा समजावून सांगता येतो. पोलीस दाखल्यात निघालेला, आपण न सांगितलेला गुन्हा समजावणं फार कठीण जातं.

पायरी ६: खुलासा पत्र

कॉलेज प्रवेशाला लागतं तसं गॅप सर्टिफिकेट इथे कुणी मागत नाही. बाँड पेपर घेऊन नोटरीकडे धावण्याची गरज नाही. साधं, सही केलेलं, एका पानाचं पत्र पुरतं. प्रत्येक खंडासाठी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कारण, खर्च कसा भागला आणि सोबत काय जोडलंय, एवढंच लिहा. उदाहरणार्थ: ‘सप्टेंबर २०२० ते ऑगस्ट २०२२: धारवाड येथे राहून कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी. खर्च वडिलांनी केला. परीक्षेची प्रवेशपत्रं आणि बँकेचा उतारा सोबत.’ मुलाचा जन्मदाखला, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, कारखाना बंद झाल्याची नोटीस हे पुरावे चालतात. दु:खाचं वर्णन, माफी, विनवणी यांतलं काही नको. तपासणारा तारखा जुळवत असतो.

पायरी ७: नाव, गाव आणि भाषा

१ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. त्यामुळे जुन्या मार्कशीटवर एक आणि नव्या आधारवर दुसरं स्पेलिंग असतं. खुलासा पत्रात दोन्ही नावं एकाच शहराची आहेत हे एका वाक्यात सांगा. जन्मदाखल्यावर कानडीतून इंग्रजीत आलेलं आडनाव, लग्नानंतर बदललेलं नाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं, यांची एकत्र यादी करा आणि पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना.

कानडी आणि मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर लागतं, मूळ प्रतीसह. भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही हवं. घरच्या माणसाने, तो शिक्षक असला तरी, केलेलं भाषांतर चालत नाही.

पदवीचं मूल्यांकन, म्हणजे आपली पदवी कॅनडातल्या कोणत्या शिक्षणाच्या बरोबरीची आहे याचा अहवाल, सगळ्यात आधी सुरू करा, कारण वेळ तिथेच जातो. विद्यापीठाने थेट पाठवलेली गुणपत्रकं मूल्यांकन संस्था मागतात. बेळगावातल्या कॉलेजात शिकला असलात तरी राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये झालं; त्याआधीच्या पदवीधरांना धारवाडला कर्नाटक विद्यापीठात जावं लागतं. इंजिनिअरांसाठी मच्छेचं व्हीटीयू, कोल्हापूरकडे शिकलेल्यांसाठी शिवाजी विद्यापीठ. मूल्यांकनाचा अहवाल पाच वर्षं चालतो.

पायरी ८: पैसे, दाखले आणि साठ दिवस

जुलै २०२५ पासून एकट्या अर्जदाराला १५,२६३ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, कुटुंब असेल तर जास्त. हा आकडा दरवर्षी बदलतो. जमीन, घर, उसाचं येणं बिल यांतलं काही धरत नाहीत, आणि कर्ज काढलेली रक्कम चालत नाही. बँकेच्या पत्रात खातं उघडल्याची तारीख, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्ज हवं. नोकरीत खंड असलेल्याच्या खात्यात अचानक मोठी रक्कम आली की शंका येते. वडिलांनी ऊस किंवा प्लॉट विकून दिले असतील तर बक्षीसपत्र आणि विक्रीचा कागद जोडा. पतसंस्थेतली ठेव सहा महिने आधी बँकेत आणून ठेवलेली बरी.

अर्जाचं निमंत्रण आलं की ६० दिवस मिळतात. पोलीस दाखला पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून, ५०० रुपये शुल्क. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही अर्ज घेतात. दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त काळ आखातात किंवा इतरत्र राहिला असाल तर त्या देशाचाही दाखला लागतो. तो भारतात बसून मिळवणं वेळखाऊ आहे, निमंत्रणाची वाट पाहू नका. २१ ऑगस्ट २०२५ पासून वैद्यकीय तपासणी अर्जाआधीच करावी लागते, आणि तीही कॅनडाच्या यादीतल्या डॉक्टरकडेच.

एजंटबद्दल

‘गॅप भरून देतो, एक्स्पिरियन्स लेटरची सोय करतो’ म्हणणाऱ्याकडून उठून या. कंपनीला फोन जातो, पीएफच्या नोंदी पाहता येतात, आणि खोटेपणा उघड झाला की पाच वर्षं अर्जबंदी येते. एजंटवर काही येत नाही, सही तुमची असते. आपण कष्टाने काढलेला एक प्रामाणिक रिकामा काळ झाकण्यासाठी पाच वर्षं गमावू नयेत. पैसे देऊन मदत घ्यायची असेल तर कॅनडाच्या परवानाधारक सल्लागारांच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव आधी शोधा.

ऑस्ट्रेलियाचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथेही गेल्या १० वर्षांचाच अनुभव मोजतात, पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला २० तास, आणि परदेशातल्या ३ वर्षांना ५, ५ वर्षांना १०, ८ वर्षांना १५ गुण. वरची वही तिथेही तशीच चालते.

अर्ज पाठवल्यानंतर

निमंत्रणाआधी नोकरी गेली तर प्रोफाइलमध्ये लगेच बदल करा आणि गुण पुन्हा मोजा. निमंत्रणानंतर लक्षात आलं की तारखा चुकल्यामुळे गुण जास्त धरले गेले आणि खरे गुण त्या सोडतीच्या मर्यादेखाली जातात, तर निमंत्रण नाकारून पुन्हा यादीत थांबा. तसाच अर्ज भरला तर फी भरून नकार घ्यावा लागतो. अर्ज गेल्यावर नोकरी सुटली किंवा बदलली तर वेबफॉर्मने कळवा.

तारखांबद्दल शंका घेणारं पत्र आलं तर घाबरू नका आणि उत्तरासाठी दिलेली मुदत चुकवू नका. अशा पत्राला उत्तर म्हणजे तीच वही: ज्या महिन्यांबद्दल विचारलंय तेवढ्या ओळी, प्रत्येकीसमोर पुरावा, आणि चूक खरोखर झाली असेल तर कोणती आणि कशामुळे, हे सरळ दोन वाक्यांत.